भोंग्याला पहिला मेसेज

नगाऱ्याने चौथा मेसेजही पुसून टाकला.

इस्त्री करता करता बायको त्याच्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकावत होती. चारही मेसेज तिनेच सांगितलेले. घाबरू नका, सगळं ठीक होईल, मी तुमच्या पाठीशी आहे. नगारा मुकाट्याने लिहायचा आणि दाताखाली कडू बी आल्यासारखं तोंड करून पुसायचा.

आवाज गेला तरी नाव राहिलं होतं. फळबाजारात बोली पुकारायला तो ओट्यावर उभा राहिला की पार रस्त्यावरच्या माणसाला भाव कळायचा, म्हणून नगारा. शेजारच्या ओट्यावर भोंगा. दोघांनी उभा जन्म एकमेकांची गिऱ्हाइकं पळवण्यात आणि एकमेकांच्या बोलीवर बोली ओरडण्यात घालवला. मग नगाऱ्याच्या घशात गाठ निघाली. आवाजाची पेटीच काढावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून झोपला. मुका होऊन जगण्यापेक्षा मेलेलं बरं, म्हणाला. बायको त्याचे पाय धरून रडली. एका सकाळी तो उठला आणि तडक जाऊन ऑपरेशनच्या कागदावर सही करून आला. माझ्या डोळ्यांतल्या पाण्याने दगड विरघळला, असं ती अजून पाहुण्यांना सांगायची.

आता तीच गाठ भोंग्याला. तोही नको म्हणून अडून बसला होता. घरचे सांगून थकले, डॉक्टर सांगून थकले. आणखी उशीर झाला तर हातात काही राहणार नाही, असं सांगत हॉस्पिटलातली सिस्टर नगाऱ्याकडे आली होती. यातून गेलेल्याने नव्याचा हात धरायचा, पहिला मेसेज आपण होऊन करायचा, अशी त्यांची पद्धत. माणूस कोण ते ऐकून नगाऱ्याने पाटीवर भलंमोठं 'नाही' लिहिलं. ते बायकोने पदराने पुसलं.

"वैरी असला म्हणून काय झालं, त्यालाही लेकरं आहेत," ती आता म्हणाली. "गोड लिहा. मी रडले तेव्हा तुम्ही ऐकलंत ना?"

नगाऱ्याने ओठ आवळले. पाचवा मेसेज त्याने एका दमात लिहिला आणि तिने इस्त्री उभी करून ठेवेपर्यंत पाठवूनही दिला.

'ऑपरेशन नको म्हणालास, बरं केलंस. त्याला छाती लागते, ते तुझ्यासारख्याचं काम नाही. तू खुशाल मर. दुसऱ्या दिवशी तुझ्या ओट्यावर मी उभा राहतो की नाही बघ. म्हणजे, तुला बघता येणार नाही म्हणा.'

बायकोने मोबाइल हिसकावला. मेसेज मागे घ्यायला बोट नेलं, तोवर तो वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या होत्या.

"डॉक्टरांनी तुमचा आवाज काढला की काळीज?" एवढंच ती बोलली. त्यानंतर घरात दोन मुकी माणसं झाली. ताट समोर आदळलं जाई आणि रिकामं झालं की उचललं जाई.

मग भोंग्याचं उत्तर आलं. ओटा काय तुझ्या बापाचा आहे, जरा बरा होऊ दे, तंगडी धरून खाली ओढतो. त्याच्या पाठोपाठ सिस्टरचा फोन. भोंग्याने स्वतःहून कागद मागून घेतला होता. नगाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत त्याने अशी सही ठोकली की कागदच फाटला, दुसरा द्यावा लागला. काकांनी असं काय छान लिहिलं, तिला विचारायचं होतं. इतर पेशंटनाही उपयोगी पडेल.

बायकोने कसंबसं काहीतरी सांगून फोन ठेवला. नगाऱ्यासमोर येऊन बसली.

"असल्या मेसेजने माणूस उठून बसतो, हे तुम्हाला कसं कळलं?"

नगाऱ्याने पाटी मांडीवर घेतली. तिच्याकडे बघितलं. खडू खाली ठेवला, पुन्हा उचलला.

'मला त्याने असाच पाठवला होता,' त्याने लिहिलं. 'तो वाचून मी सही केली. आज शब्द बहुतेक त्याचेच वापरले.'

तिने दोनदा वाचलं. ती काही बोलायच्या आत त्याने पाटी मागे घेतली आणि खाली उरलेल्या जागेत बारीक अक्षरात आणखी एक ओळ लिहिली.

'फक्त, त्याने मनापासून लिहिला होता.'