यादीतलं नाव

"कुठलं अक्षर चुकतं, तेवढं दाखव," खंडोजी अण्णा जितेंद्रला म्हणाले. "मग हा कागद मी मॅडमना देऊन येतो."

कागद म्हणजे राजीनामा. बंगळुरातल्या पीण्या भागातल्या त्या छोट्या कारखान्यात अण्णा एकतीस वर्षं सुट्या भागांची मापं तपासत आले होते, आणि गेले पंधरा दिवस त्यांना त्या भागांची ड्रॉइंगच कॉम्प्युटरवर उघडता येत नव्हती. पासवर्ड टाकला की तीच रिकामी चौकट पुन्हा पुढ्यात. रोज सकाळी चंदना, नुकतीच लागलेली मुलगी, आपल्या नावानं ड्रॉइंग उघडून द्यायची आणि अण्णा मान खाली घालून बघायचे.

जितेंद्र मूळचा नागपूरचा. कारखान्यातले कॉम्प्युटर आणि ड्रॉइंग जिथे ठेवलेली असतात तो ओपन-सोर्स सर्व्हर त्याच्याच हाती. पंधरा दिवसांत अण्णा त्याच्याकडे चार वेळा येऊन गेले होते. चारही वेळा त्यानं स्क्रीनवरची नजर न हलवता सांगितलं होतं, "अण्णा, पासवर्ड चुकून राहिला तुमचा. आठवा नीट." नवा घ्या, असंही तो म्हणाला होता, पण जुना आठवलाच पाहिजे, असं अण्णांनी मनाशी धरलं होतं. म्हातारी माणसं विसरतात, त्यात आणखी काय बघायचं, म्हणून जितेंद्रनं विषय सोडून दिला होता.

"राजीनामा कशाला देता? नवा पासवर्ड करून देतो ना."

"नवाही विसरीन." अण्णांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "आमच्या थोरल्या भावाचं, नागोजी अण्णाचं, असंच सुरू झालं. आधी कुलपाचा नंबर गेला, मग घरचा रस्ता, मग स्वतःची पोरं. मापं घेणाऱ्याचं डोकं शाबूत पाहिजे रे. माझ्या हातून चुकीचा भाग पास झाला, तर कुठल्या तरी मशीनवर कुणाचा तरी हात जाईल. स्वल्प, जरा लवकर दाखव. मॅडम चारला निघतील."

जितेंद्रला वाईट वाटलं, पण ते अण्णांसाठी. आपलं काही चुकलं असेल, हे अजून त्याच्या मनातही नव्हतं. त्यांच्या समाधानासाठी म्हणून त्यानं सर्व्हरचा लॉग उघडला. कोण आत आलं, कोण दारातून परत गेलं आणि का, हे सर्व्हर त्यात ओळीनं लिहून ठेवतो. पंधरा दिवसांत जितेंद्रनं तो एकदाही उघडला नव्हता.

अण्णांच्या नावाच्या ओळी संपेनात. रोजच्या आठ-दहा. परवाच्या सव्वीस. पण पासवर्ड चुकला, असं एकाही ओळीत नव्हतं. सगळ्या ओळी एकच गोष्ट सांगत होत्या: खंडोजी नावाचं इथे कुणी नाही.

त्यानं नावांची यादी उघडली. मॅडम, अण्णा आणि चंदना अशी तीन नावं असायला हवी होती. होतं एकच, चंदनाचं.

ते नाव त्यानंच चढवलं होतं, पंधरा दिवसांपूर्वी, जेवायला जायच्या घाईत. सर्व्हर बसवताना वापरलेली कमांड त्यानं वहीतून उचलली आणि होती तशी टाकली. तिच्यात यादी नव्यानं करायची खूण होती. ती फक्त पहिल्या नावाला लावायची असते. पुन्हा लावली की आधीची सगळी नावं पुसली जातात, आणि सर्व्हर तोंडातून ब्र काढत नाही. श्यामला मॅडम मालकीण असल्या तरी ड्रॉइंग कधी बघत नाहीत. त्याला स्वतःला त्या चौकटीशी काम पडत नाही. राहता राहिले अण्णा.

नाव गुपचूप परत चढवणं दोन मिनिटांचं काम होतं. अण्णांना काही कळलं नसतं. तेही जितेंद्रच्या मनात येऊन गेलं. पण मग आपण विसरतो, हेच अण्णा धरून बसले असते.

"अण्णा," तो म्हणाला, "तुमचा पासवर्ड बरोबर होता. रोज बरोबर होता. यादीतून तुमचं नावच माझ्या हातून पुसलं गेलं. आणि मी बघितलंच नाही."

जितेंद्रनं या वेळी ती खूण वगळून अण्णांच्या नावाची कमांड टाकली. मग कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. "तोच टाका, जुना. दोनदा विचारेल."

अण्णांनी दोन बोटांनी, कुठेही न अडखळता, दोन्ही वेळा टाकला. मग ड्रॉइंगच्या चौकटीत तिसऱ्यांदा. ड्रॉइंग उघडलं. ते त्यातल्या एकेका मापावरून बोट फिरवत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"सरी, बरं," एवढंच म्हणून त्यांनी राजीनाम्याची घडी केली. खिशात घालायला गेले, तर तिथली प्लास्टिकमध्ये बंद केलेली एक चिठ्ठी हाताला लागली. तीच त्यांनी जितेंद्रपुढे धरली.

"मला सांगितलंस ते घरी सांग. मी सांगून आता कोण ऐकणार? मंगळवारपासून नातवाला शाळेतून आणायलाही मला पाठवत नाहीत. प्रणिताला फोन कर, सुनेला. नंबर त्यात आहे."

चिठ्ठीवर वर कन्नड होतं, खाली इंग्रजी. येलहंक्यातल्या घराचा पत्ता, फोन नंबर, आणि शेवटी एक ओळ: यांना विसर पडतो, कुठे आढळल्यास कृपया कळवावे.

जितेंद्रनं आपल्या मोबाइलवरून नंबर लावला. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"नमस्कार, मी खंडोजी अण्णांच्या..."

पुढचं त्याला बोलूच दिलं नाही. प्रणितानं घाबऱ्याघुबऱ्या विचारलं, "कुठं सापडले?"