टेबलावरचा जुना पंप

तिसऱ्यांदा गाडीखाली शिरताना मेकॅनिकने ती बनवणाऱ्या गोऱ्या साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या बुटक्या, दोन सीटांच्या विलायती गाडीचा पेट्रोल पंप मागच्या चाकाआड असा दडवला होता, की पाना बसला तर हात फिरत नव्हता आणि हात फिरवला तर पाना निसटत होता.

अखेर पंप निघाला. तो टेबलावर आदळून त्याने नवा बसवला आणि चावी फिरवली. टिकटिक सुरू झाली. या पंपांची रीतच तशी. इंजिनाजवळचं पेट्रोलचं भांडं भरेपर्यंत टिकटिकायचं, भरलं की गप्प बसायचं.

ही टिकटिक मात्र थांबेना. वैतागून त्याने चावी काढली, बॅटरीची वायरही उपटली. तरी चालूच.

"अहो, बंद करा ते आधी! डोकं उठलंय माझं," बायको गॅरेजला लागूनच्या घरातून ओरडली.

"बंदच आहे गं!" म्हणत तो वळला.

टेबलावरचा जुना पंप टिकटिकत होता. त्याला ना वायर होती, ना नळी.

"मेल्या, गाडीत होतास तेव्हा काय धाड भरली होती?" त्याने सवयीने पान्याचा एक ठोका दिला.

टिकटिक मंदावली. भांडं भरत आल्यावर मंदावते, अगदी तशी. मग थांबली.

घराच्या दारातून पेट्रोलचा भपकारा आला, आणि मागोमाग बायकोची हाक, तोंड काठोकाठ भरलेल्या माणसाने द्यावी तशी.