पंख्याचा रोख
शीतगृहाच्या तपासणीला गेले आणि नोंदवही उघडल्याबरोबर कळलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. वर्षभरात यंत्रातल्या गारवा देणाऱ्या गॅसची गळती शून्य. वीस वर्षांच्या जुनाट यंत्राची! हा गॅस हवेत सोडायला बंदी आहे. गळती सापडली तर यंत्राला सील. मालक सावलीसारखे माझ्या मागे होते. सोबत त्यांचे मेकॅनिक, मास्तर. हे काम मला शिकवलं ते याच मास्तरांनी, पण आज त्यांनी ओळखसुद्धा दाखवली नाही. उलट कोपऱ्यातला उभा पंखा ओढत आणला आणि चालू केला. "मॅडम, उकडेल तुम्हाला." माझ्या अंगात स्वेटर होता. 'गळती शोधायची तर आधी पंखा बंद कर, पोरी. वाऱ्याने गॅस पांगतो,' हा त्यांचाच पहिला धडा. म्हणजे मास्तरही सामील? हातातला डिटेक्टर गप्प होता. मालक निवांत हसले. तेवढ्यात लक्षात आलं, वारा मला लागतच नव्हता. पंख्याचं तोंड होतं कॉम्प्रेसरमागच्या पाइपच्या एका जोडाकडे. मी पंखा बंद केला, डिटेक्टर त्या जोडापाशी नेला आणि तो केकाटायलाच लागला. "हा पंख्याचा आगाऊपणा कोणी सांगितला होता तुम्हाला?" मालक मास्तरांवर खेकसले. "चुकलं, साहेब," मास्तर मान खाली घालून म्हणाले. सहा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, पण 'चुकलं' हा शब्द त्यांच्या तोंडून मी आज पहिल्यांदा ऐकला.