बिनआवाजाचा पंखा

“फ्रिजचं बटण बंद कर आणि खिडकी लाव,” रेकॉर्डिस्ट बायकोला म्हणाला. जेवणाच्या टेबलावर नव्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट कूस उघडी टाकून आडवं पडलं होतं. शेजारी दोन कूलर होते, प्रोसेसर गार ठेवायला. एक चांगला ऐसपैस, मोठ्या पंख्याचा. दुसरा आटोपशीर, छोट्या पंख्याचा. त्यातला एकच ठेवायचा होता. दुसरा परत करायच्या बोलीवर आणला होता.

त्याचा उभा जन्म स्टुडिओत लोकांचे आवाज टिपण्यात गेला होता. अलीकडे मात्र त्याची कामं परत यायला लागली होती. बोलण्यामागे बारीक शिट्टी ऐकू येते, अशी तक्रार. तिथल्या जुन्या मशीनचा पंखा बिघडलाय, माझ्या कामात खोट नाही, असं म्हणत तो मालकाशी हमरीतुमरीवर आला आणि स्टुडिओ सोडून घरी बसला. आता स्वतःचं मशीन, स्वतःची खोली. उद्या सकाळी पहिलं काम होतं. गोष्टी वाचून दाखवणाऱ्या एक बाई येणार होत्या.

त्याने आधी मोठा कूलर बसवला आणि बटण दाबलं. पंखा सावकाश फिरू लागला. बायकोला जेमतेम ऐकू आलं, पलीकडच्या खोलीत कुणी झोपेत हुंकार द्यावा तसं. त्याच्या कपाळाला मात्र आठी पडली.

“घुमतोय. दुकानदार म्हणे हाच सगळ्यात शांत. त्याला काय कळतंय?”

कूलर काढून त्याने प्रोसेसरवरची, उष्णता वाहून नेणारी पेस्ट निगुतीने पुसली, नवी लावली आणि छोटा कूलर बसवला. पुन्हा बटण दाबलं.

बारीक, टोकदार शिट्टी खोलीभर पसरली. बायकोचे दात आंबल्यासारखे झाले.

“याला म्हणतात काम,” तो म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. “चालू आहे की बंद, तेसुद्धा कळत नाही.”

तो रंगात येऊन समजावू लागला. गार हवा पुढच्या जाळीतून आत येणार, प्रोसेसरवरून जाणार, गरम झालेली मागच्या पंख्यातून बाहेर. तारा त्याने मागच्या अंगाला वळवून बांधल्या होत्या, हवेच्या वाटेत काही यायला नको म्हणून. बोलता बोलता तो तिचा हात धरून जाळीसमोर नेत होता. आत ओढली जाणारी हवा तिच्या बोटांना लागत होती. इतका खुशीत तो कितीतरी दिवसांत दिसला नव्हता.

“पहिलाच ठेवू या ना,” ती म्हणाली.

“का?”

“असंच. भक्कम वाटतो.”

तो हसला. “अगं, भक्कम काय करायचाय? उद्या या खोलीत मला टाचणी पडलेली ऐकू आली पाहिजे.”

गप्प बसणं सोपं होतं. पण उद्या त्या बाई येणार, तासन्‌तास वाचणार, आणि ही शिट्टी शब्दाशब्दाला चिकटून जाणार. मग तेही काम परत येईल. आणि या घरात भांडायला मालक नव्हता.

“अहो, शिट्टी वाजतेय,” ती म्हणाली.

“कुठे?”

“यातच. बारीक आहे, पण सारखी वाजतेय.”

तो वाकला. एक कान पंख्याजवळ नेला, मग दुसरा. कानशिलावरचे पांढरे केस वाऱ्याने भुरभुरत राहिले. मग सरळ उभं राहून तो तिच्याकडे बघत राहिला.

“जरा पाठ फिरव.”

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मागे तो बटण दाबत राहिला.

“आता?”

“वाजतेय.”

“आता?”

“नाही.”

“आता?”

“आताही नाही. तुम्ही चालूच केलं नाही.”

ती वळली, तेव्हा मशीन बंद होतं आणि तो खुर्चीत बसून बोटांना लागलेली पेस्ट फडक्याने पुसत होता. बोटं स्वच्छ झाली तरी पुसत राहिला.

“कशी वाजते?” त्याने विचारलं. “मला करून दाखव.”

ती त्याच्यासमोर बसली. जीभ दातांमागे टेकवून तिने तशीच बारीक शिट्टी काढली आणि तुटू न देता लांबवली. तो तिच्या तोंडाकडे एकटक बघत होता, मान किंचित कलती करून, एखाद्याचा आवाज टिपताना करायचा तशी. तिचा श्वास संपत आला.

“कर ना,” तो म्हणाला.