सरावापुरतं मरण

आपल्या आणि एका मित्रदेशाच्या हवाई दलांचा सराव आम्ही सासू-सुना गच्चीवरून पाहत होतो. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून सासूबाईंनी विचारलं, "यातलं आपलं कुठलं गं?" मलाही कळेना. एवढ्या उंचीवर दोन्ही विमानं सारखीच दिसत होती. एक दुसऱ्याच्या मागे लागलं, मग दोन्ही उन्हात दिसेनाशी झाली.

दुपारी नवरा त्या देशाच्या वैमानिकाला घेऊन जेवायला आला. "आई, आज यानं मला पाडलं," तो हसत म्हणाला. "सरावापुरता मी मेलो."

जेवताना असलं बोललेलं आमच्याकडे चालत नाही. आता सासूबाई कडाडणार, म्हणून मी उगाच पाणी वाढायला लागले. त्यांनी मात्र पाहुण्याच्या ताटात आणखी एक गुळपोळी वाढली, वर तुपाची धार धरली. "मेल्याची खोटी बातमी आली की माणसाचं आयुष्य वाढतं. या पोरानं तुझं आयुष्य वाढवलं."

पाहुण्यानं माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत अर्थ सांगितला. त्यानं हातातला घास तुपात बुडवून खाल्ला.

मग नवऱ्याला म्हणाला, "उद्या तू मला पाड. मलाही आई आहे."