न आलेली साथ

"ज्या रोगाला अजून नाव नाही, त्याची लस सगळ्यांना टोचायला लावलीस आणि साधी सर्दी काही तुला थांबवता आली नाही," शेजारच्या शकूमावशी शिंकत म्हणाल्या.

ऋजुताने हसून त्यांच्या नाकातून फिरवलेली कापसाची काडी घरच्या तपासयंत्रात सरकवली. असले टोमणे तिच्या अंगवळणी पडले होते. पीएचडीनंतरची चार वर्षं तिने एका विषाणूच्या प्रथिनाची वंशावळ संगणकात मांडली होती आणि ते प्रथिन पुढे कोणतं रूप घेईल याचं गणित केलं होतं. त्या रूपावरची लस गेल्या वर्षी घरोघर पोचली, पण साथ आलीच नाही. संशोधन संस्थेने तिच्या नोकरीची मुदतही वाढवली नाही.

यंत्राने विषाणूच्या प्रथिनाची अक्षरं, म्हणजे त्यातल्या अमिनो आम्लांचा क्रम, दाखवली. तिने ती जुन्या भाकिताशी ताडून पाहिली. दोनशे बारा अक्षरांत एकाचाही फरक नव्हता. तिच्या गणितात या रूपाने लस न घेतलेल्या दहातली चार माणसं दगावत होती.

"काय निघालं गं?" मावशींनी नाक पुसत विचारलं.

ऋजुताने यंत्र बंद केलं. मग चहात घालायला आलं किसता किसता म्हणाली, "काही नाही मावशी. साधी सर्दी आहे."