चौथा आकडा

बसवनगुडीतल्या कंपनीत वित्तप्रमुख म्हणून रुजू होऊन क्षमाला आठवडाच झाला होता. तिच्या डॅशबोर्डवर रोज कोणते आकडे दिसावेत, ते अकाउंटंट गुरुदत्तने चिठ्ठ्यांवर लिहून मांडलं: विक्री, नफा, नवे ग्राहक. सगळे आकडे दृष्ट लागावी असे. तिला तेच खटकलं. “एवढेच?” “एवढे पुरे, अक्का. पडदा स्वल्प लहान आहे.” तिची नजर त्याच्या पेल्याकडे गेली. कॉफी वाफाळती असतानाच संपवणारा हा माणूस आज अर्धा तास पेल्याला शिवला नव्हता. तिने पेला उचलला. खाली दडवलेली चिठ्ठी होती: ‘रोकड किती दिवस पुरेल?’ “किती?” “चाळीस.” तो मान खाली घालून म्हणाला, “आधीचे दोन साहेब हा आकडा बघून आठवड्यातच सोडून गेले.” क्षमाने ती चिठ्ठी सगळ्यांच्या वर ठेवली. “कॉफी प्या, गुरुदत्त अण्णा. आपल्याकडे चाळीस दिवस आहेत.”